संकटग्रस्तांचे विनामूल्य वकील
ठाणें जिल्ह्यांतील एका जुन्या सेवेचा वृत्तांत

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मागील पिढ्यांचें स्मरण करावें. देवळाची पायाभरणी, घंटा, शाळा आणि ज्या धर्मगुरूंनीं व धर्मभगिनींनीं येथें कष्ट उपसले त्यांचीं नांवें कृतज्ञतेनें नोंदवावीं, ही रीत योग्यच आहे. व तें काम ह्या पुस्तिकेंत इतरांनीं आमच्यापेक्षां अधिक योग्यतेनें केलें आहे. आम्हीं मात्र वाचकांपुढें एक निराळा विषय ठेवण्याचें योजिलें आहे. पूर, दरड, स्फोट, दुष्काळ अशा आपत्तींतून जे जिवंत वांचले, त्यांच्या बाजूनें एक पैही न घेतां उभे राहणारे कायदेपंडित आपल्या ह्या भागांत केव्हां आले, त्यांनीं काय केलें, आणि त्यांचें काम आज कोठवर येऊन पोहोंचलें आहे, हा तो विषय.

चिखलोलीकरांस तो दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. अंबरनाथ व बदलापूर ह्यांच्या मध्यें वसलेलें हें गांव. एका अंगास धरणाचें पाणी, दुसऱ्या अंगास रसायनांचे कारखाने, आणि थोड्या अंतरावर उल्हास नदी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशींचा उल्हासेचा कहर ज्यांनीं पाहिला ते अजून पावसाळ्याच्या रात्रीं स्वस्थ झोंपत नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून पडली आणि सुमारें १,०५० उतारूंस पाण्यांतून सोडवावें लागलें. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं जे स्फोट झाले, त्यांनीं कामगारांचे बळी घेतले व भोंवतालच्या घरांच्या कांचा फोडल्या. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी डोंगराखालीं गाडली गेली. ह्यांतील एकही ठिकाण आपणांस परकें नाहीं.

अशा प्रसंगीं आमच्या धर्मग्रामानें हात आखडता घेतला असें कोणी म्हणणार नाहीं. पाणी ओसरतांच तांदूळ, डाळ, घोंगड्या, भांडीं गोळा झालीं. तरुणांनीं घराघरांतील गाळ उपसला. भगिनींनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली. परंतु ह्या लेखाच्या निमित्तानें आम्ही जुन्या गोष्टी एकमेकांस विचारूं लागलों, तेव्हां एक उणीव आम्हांस फार बोंचली. एका विधवा भगिनीच्या भाड्याच्या घरांत छातीइतकें पाणी शिरलें होतें. तिचें शिवणयंत्र, वर्षाचें धान्य, मुलांचीं पुस्तकें, सारें गेलें. पंचनाम्यांत मात्र घरमालकाचें तेवढें नांव लागलें. भाडेकरूसही आपल्या गेलेल्या कपड्याभांड्यांबद्दल अर्ज करतां येतो, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. आम्हीं तिला तांदूळ दिले. पंचनाम्यांत तिचें नांव आहे कीं नाहीं, हा प्रश्न आमच्यापैकीं एकासही सुचला नाहीं. तांदूळ महिन्याभरांत सरले. जें तिच्या हक्काचें होतें, तें मात्र कायमचें बुडालें.

भुकेल्यास भाकर देणें ही दया, आणि त्याचा हक्क त्यास मिळवून देणें हा न्याय. ख्रिस्तसभेनें ह्या दोहोंची फारकत कधीं मानली नाहीं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील संत इव्हो (१२५३ ते १३०३) हे धर्मगुरु होते, बिशपांच्या न्यायालयांत न्यायाधीश होते, आणि गरिबांचे वकीलही होते. विधवा व पोरकीं मुलें ह्यांचे दावे ते स्वतः चालवीत, आणि त्याबद्दल त्यांजकडून कांहीं घेत नसत. पोप सहावे क्लेमेंट ह्यांनीं १३४७ सालीं त्यांस संतपद दिलें. १९ मे हा त्यांचा सण असून वकीलवर्ग त्यांस आपला आश्रयदाता मानतो. ज्या धर्मांत वकिलीच्या धंद्यांतून संतपदापर्यंतची वाट गेली आहे, त्या धर्माच्या लोकांनीं ह्या विषयाकडे पाठ फिरवूं नये.

आतां आपल्या देशाकडे वळूं. महाराष्ट्रांत ह्या सेवेचा उगम पाहूं गेल्यास पुण्याच्या सार्वजनिक सभेपाशीं यावें लागतें. १८७० सालीं ही सभा स्थापन झाली व तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी. हे व्यवसायानें वकील; परंतु लोकांच्या कामास त्यांनीं इतकें वाहून घेतलें कीं, ‘सार्वजनिक काका’ हेंच त्यांचें नांव झालें. वासुदेव बळवंत फडके ह्यांच्यावर १८७९ सालीं खटला झाला, तेव्हां त्यांच्या बचावास उभे राहिले तेही हेच काका. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळीं सभेनें केवळ वर्गणी जमविली नाहीं. गांवोगांवची हकीकत मागवून, तिची छाननी करून, ती सरकारपुढें लेखी मांडली. पीक किती बुडालें, मदतीच्या कामांवर मजुरी किती मिळते, लोक गांव सोडून कां जातात, ह्याचीं टिपणें तयार करणें हें वकिलाच्याच हाताचें काम. पुरावा जमविल्यावांचून गाऱ्हाणें टिकत नाहीं, हा कोर्टांतला धडा सभेनें दुष्काळाच्या रानांत नेला.

त्या दुष्काळानंतर सरकारनें आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० सालीं आला व १८८३ सालीं दुष्काळनिवारणाची एक नमुना-संहिता तयार होऊन तिच्या धर्तीवर प्रांतोप्रांतीं संहिता झाल्या. पीक बुडालें असतां मदतीचीं कामें केव्हां काढावीं, अपंग व निराधार ह्यांस फुकट अन्न कसें द्यावें, शेतसारा केव्हां तहकूब करावा व केव्हां सोडावा, ह्याचे नियम त्यांत आले. म्हणजे उपाशी माणसास अन्न देणें ही अंमलदाराची मेहेरबानी राहिली नाहीं. तें सरकारचें लिहून ठेवलेलें कर्तव्य झालें. परंतु ही संहिता इंग्रजींत, कचेरीच्या कपाटांत. ज्याच्यासाठीं ती लिहिली, त्या कुणब्यास तिचें नांवही ठाऊक नव्हतें.

हें कपाट उघडण्याचा प्रयत्न १८९६ सालीं झाला, आणि आम्हांस सांगण्यास विशेष वाटतें कीं, त्याचें एक मोठें क्षेत्र आपलाच ठाणें जिल्हा होता. त्या वर्षीं पावसानें अखेरीस दगा दिला व मुंबई इलाख्यांत दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेचीं सूत्रें तेव्हां बाळ गंगाधर टिळक ह्यांच्या पक्षाच्या हातीं होतीं. टिळक हे कायद्याचे पदवीधर. पुण्यांत ते कायद्याचा वर्गही चालवीत. त्यांनीं ‘केसरी’ मधून दुष्काळसंहिता समजावून सांगण्यास आरंभ केला. सभेनें संहितेंतील तरतुदींचा सारांश मराठींत छापून वाटला आणि ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांत आपले प्रतिनिधि धाडले. प्राध्यापक शिवराम महादेव परांजपे ह्यांच्यासारखे विद्वान त्यांत होते. त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या उंबरगांवाकडील भागांतही ते फिरले. हे सारेच कांहीं वकील नव्हते. कायदा समजलेल्यांकडून तो समजून घेऊन, न समजलेल्यांच्या दारीं तो नेऊन पोहोंचविणें, एवढेंच त्यांचें काम.

आणि तें काम तरी काय? तर गांवच्या पारावर शेतकऱ्यांस गोळा करावें व सांगावें: पीक बुडालें असेल तर सारा तहकूब करून मागण्याचा नियम आहे, त्यासाठीं अर्ज करा, गुरें-भांडीं विकून किंवा सावकारापाशीं घर गहाण टाकून सारा भरूं नका, अर्ज असा लिहावा, अमक्या अंमलदारास द्यावा. ह्यांत बंडाचा एकही शब्द नव्हता. सरकारचेंच छापील पुस्तक सरकारच्याच प्रजेस वाचून दाखविलें जात होतें. तरीही अंमलदारवर्ग बिथरला. सभेच्या प्रतिनिधींवर खटले भरले गेले, आणि मार्च १८९७ मध्यें सरकारनें सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. लोकांस त्यांचा हक्क समजावून सांगणें हाच अपराध ठरावा, असा तो काळ होता. आजच्या वाचकानें हें ध्यानांत धरावें, कारण पुढील सर्व इतिहास म्हणजे हा अपराध हळूहळू सरकारचेंच कर्तव्य कसें झालें त्याची कथा आहे.

ही कथा लांबलचक आहे. आम्ही तींतील टप्पे तेवढे सांगतों. १९२४ च्या सुमारास मुंबईस ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली. गरिबांस फुकट वकील मिळवून देण्याचा हिंदुस्थानांतील हा पहिला संघटित यत्न समजला जातो. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति न. ह. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ह्याच प्रश्नाचा विचार करण्यास समिति नेमली. समितीनें तालुक्यापर्यंत पोहोंचणाऱ्या यंत्रणेची शिफारस केली. पण पैशाच्या अभावीं ती कागदावरच राहिली.

योगायोग असा कीं, त्याच १९४९ सालीं, ८ ऑगस्ट रोजीं, आपल्या शेजारीं कल्याणच्या लष्करी छावणींत उल्हासनगरची कोनशिला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें बसली. सिंधमधून परागंदा झालेले सहस्रावधि स्त्रीपुरुष तेथील बराकींत दाटीवाटीनें राहत होते. त्यांची आपत्ति नदीनें आणलेली नव्हती, माणसांनीं आणलेली होती. पण घर, शेत, दुकान एका फटक्यांत जाणें हें दोहींकडे सारखेंच. १९५० सालीं निर्वासितांच्या मागें राहिलेल्या स्थावराच्या दाव्यांचा कायदा झाला, व १९५४ सालीं भरपाईचा. दावा करावयाचा तर खरेदीखत, कराच्या पावत्या, साक्षीदार हवेत. आणि जो अंगावरच्या वस्त्रानिशीं बोटीवर चढला त्याचें खरेदीखत कोठलें? हक्क आहे, परंतु हक्काचा कागद नाहीं, हें संकटग्रस्ताचें सर्वांत मोठें दुःख आपल्या शेजाऱ्यांनीं तेव्हां भोगलें. विधवा भगिनीची कथा व ही कथा मुळांत एकच आहे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें ३९-अ हा अनुच्छेद आला. दारिद्र्यामुळें कोणाही नागरिकास न्याय नाकारला जाऊं नये व त्यासाठीं राज्यानें विनामूल्य कायदेसाहाय्य द्यावें, असा त्याचा आशय आहे. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें मारलीं, आणि जगलेल्यांस भरपाईसाठीं वर्षानुवर्षें न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तेव्हां ह्या अनुच्छेदाची गरज साऱ्या देशास दिसली. १९८७ सालीं विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा संमत झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याचें बारावें कलम प्रत्येक धर्मग्रामाच्या दारावर लिहून लावावें इतक्या मोलाचें आहे. विनामूल्य वकील कोणास मिळावा ह्याची यादी त्यांत आहे. आणि त्या यादींत सामूहिक आपत्ति, जातीय हिंसाचार, पूर, अवर्षण, भूकंप व औद्योगिक आपत्ति ह्यांस बळी पडलेल्या माणसाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यास उत्पन्नाची अट नाहीं. काल ज्याचें दुकान चाललें होतें व आज जो शाळेच्या पडवींत निजला आहे, त्यानें आपण गरीब असल्याचा दाखला आणावा असें कायदा म्हणत नाहीं. स्त्रिया व मुलें ह्यांस तर हा हक्क आपत्तीवांचूनही आहे.

२०१० सालीं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें आपद्ग्रस्तांसाठीं एक खास योजना केली. तिच्यांत वकिलाचें काम कोर्टापुरतें ठेवलेलें नाहीं. मदतछावण्यांत जाऊन लोकांस त्यांचे हक्क सांगणें, नष्ट झालेलीं कागदपत्रें पुन्हां मिळविण्यास साहाय्य करणें, जाहीर झालेली भरपाई खरोखर हातीं पडते कीं नाहीं हें पाहणें, ताटातूट झालेल्या कुटुंबांची गांठ घालणें, स्त्रिया व मुलें ह्यांचें रक्षण, विम्याचे दावे, कर्जफेडीस सवलत, बुडालेला धंदा पुन्हां उभारण्यास बँकेचें कर्ज, हें सारें तिच्यांत आहे. ह्यासाठीं वकिलांच्या जोडीला विधी स्वयंसेवकही नेमले जातात. हे स्वयंसेवक वकील नसतात. पण कायद्याचें प्राथमिक शिक्षण घेऊन ते वस्त्यांत हिंडतात. १८९६ च्या सभेच्या प्रतिनिधींचे हे वारस होत. फरक इतकाच कीं, त्या वेळीं ह्या कामाबद्दल माणसास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत; आज न्यायाधीशांच्या देखरेखीखालीं हें काम चालतें.

दूरच्या देशांतही असाच अनुभव आहे. अमेरिकेंत तेथील तरुण वकिलांच्या संघानें १९७८ पासून सरकारच्या आपत्तिनिवारण खात्याशीं करार करून, वादळ-पुरांनंतर फुकट सल्ला देण्याचें व्रत चालविलें आहे. लोक तेथेंही विचारतात ते प्रश्न आपल्याच घरचे वाटतात: भाड्याचें घर राहण्याजोगें उरलें नाहीं, तरी भाडें द्यावें काय? विमेवाल्यानें नकार दिला, आतां काय करावें? हरवलेला दस्तऐवज कोठें मिळेल?

वकील नसल्यानें प्रत्यक्ष काय अडतें, ह्याचीं दोन उदाहरणें आपल्याच परिसराला धरून देतों. इरशाळवाडींत सत्तावीस मृतदेह हातीं लागले व चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. पन्नासांहून अधिक माणसें मातीखालींच राहिलीं. अशा बेपत्ता माणसाच्या वारसांनीं काय करावें? साधारण नियम असा कीं, सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं तो मृत मानावा. परंतु सात वर्षें मृत्यूचा दाखला नाहीं म्हणजे सात वर्षें वारसाहक्क नाहीं, विमा नाहीं, बँकेंतील ठेव नाहीं. २०१३ च्या उत्तराखंडांतील महापुरानंतर सरकारनें, चौकशी करून, आक्षेप मागवून, तितकीं वर्षें न थांबतां दाखले देण्याची वेगळी पद्धत घालून दिली. अशी वाट काढतां येते, हें शोकानें खचलेल्या माणसास आपणहून कळत नाहीं. जाणत्यानेंच तें त्याच्या कानीं घालावें लागतें.

दुसरें उदाहरण कारखान्यांचें. चिखलोली-मोरिवलीच्या औद्योगिक पट्ट्यांत आपले कितीतरी बांधव कामास जातात व त्याच्या लगत राहतात. भोपाळच्या अनुभवानंतर १९९१ सालीं सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. धोकादायक पदार्थ हाताळतांना अपघात होऊन कारखान्याबाहेरच्या माणसास इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध न करतांही त्यास तातडीचें साहाय्य मागतां येतें. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करावयाचा, व तो अपघातापासून पांच वर्षांच्या आंत. कायदा इतका सोपा. पण मुदत टळली कीं दार बंद. आमच्यापैकीं किती जणांस ही मुदत ठाऊक होती, हें आम्हीं स्वतःस विचारलें, आणि उत्तर देतांना मान खालीं घालावी लागली.

येथें कोणी म्हणेल, सरकारनें वकील ठेवले आहेत, योजना आहे, मग धर्मग्रामानें त्यांत काय करावें? आमचें उत्तर इतिहासांतूनच निघतें. संहिता १८८३ सालीं होती, तरी १८९६ मध्यें ठाण्याच्या शेतकऱ्यास ती पारावर येऊन कोणीतरी सांगावी लागली. दाव्यांचा कायदा १९५० सालीं होता, तरी बराकींतल्या माणसापाशीं कागद नव्हता. बारावें कलम आज तीन दशकें अमलांत आहे, तरी आमच्या भगिनीचें नांव पंचनाम्यांतून सुटलें. कायदा दाराशीं आपोआप येत नाहीं. त्यास हात धरून आणणारा शेजारी लागतो. आणि शेजारी होणें हें तर आमचें जन्माचें व्रत. यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्यास त्या शमरोनी माणसानें केवळ पट्टी बांधून सोडलें नाहीं. त्यास उतारशाळेंत नेलें, तेथील खर्च दिला, आणि पुढें जें लागेल तें मी परत येतांना फेडीन असें सांगून गेला. आपद्ग्रस्ताच्या बाबतींत तें परत येणें म्हणजे, तांदूळ वाटून झाल्यावर तिसऱ्या महिन्यांत पुन्हां त्याच्या दारीं जाऊन, भरपाई मिळाली काय, हें विचारणें.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या शुभ वर्षीं आम्ही धर्मग्रामापुढें एक नम्र सूचना ठेवितों. आमच्यांत जे वकील आहेत, व ज्यांचीं मुलें कायद्याचें शिक्षण घेत आहेत, त्यांनीं दर पावसाळ्याच्या आरंभीं एक रविवार मिस्सेनंतर सभागृहांत बसावें. प्रत्येक कुटुंबानें आपलें रेशनकार्ड, भाडेकरार किंवा घराचा उतारा, आधारपत्र, विम्याचे कागद, मुलांचे दाखले ह्यांच्या प्रती काढून एक जोड उंच व कोरड्या जागीं, व एक दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे ठेवावी. आपत्ति आलीच, तर तलाठ्याच्या पंचनाम्याच्या वेळीं प्रत्येक आळींत आमचा एक तरी माणूस हजर असावा. आपलें नांव व नुकसानीचा तपशील त्यांत आला कीं नाहीं हें त्यानें पाहावें, घराचीं व सामानाचीं छायाचित्रें काढावीं, अर्जाची पोच घेतल्यावांचून कचेरी सोडूं नये. आणि वकिलाची गरज पडल्यास ठाणें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जावें, अथवा १५१०० ह्या क्रमांकावर विचारावें. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें निवेदन तेथें तोंडीही उतरून घेतलें जातें. ही वाट धर्म वा जात पाहत नाहीं. आपणही ती दाखवितांना पाहूं नये.

ज्या भगिनीचा उल्लेख वर केला, तिचा दावा आतां कालबाह्य झाला आहे. त्याचें परिमार्जन आमच्या हातीं नाहीं. परंतु पुढच्या पुरांत तिच्यासारखी दुसरी कोणी एकटी पडूं नये, एवढें आमच्या हातीं खचित आहे. संत इव्होंनीं आपल्या गांवीं जें केलें, सार्वजनिक काकांनीं पुण्यांत जें केलें, आणि सभेच्या प्रतिनिधींनीं खटले सोसून ह्याच जिल्ह्यांत जें केलें, तें आम्हांस आज कोणाचाही रोष न पत्करतां करतां येण्याजोगें आहे. मग तें न करण्यास आमच्यापाशीं कोणती सबब उरते? प्रभु आम्हांस सद्बुद्धि देवो, आणि पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेंत ह्या विषयावर लिहिणारास आमच्यासारखी कबुली देण्याचा प्रसंग न येवो.